दिव्याभोवतीचं कडं

आईच्या डोळ्यांचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे त्या मडमेला दोष देतात. मी तिथेच असते. पानं वाढत असते, नाहीतर पुस्तकात डोकं घालून बसलेली. आजवर मी एकदाही तोंड उघडलेलं नाही. तुमचं आमच्याकडे येणंजाणं नाही — म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. जमेल का?

आधी चष्म्याचं सांगते. ते सोपं आहे.

त्या उन्हाळ्यात आईला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. डोकं दुखायचं. भाकऱ्या करताना शेजारची पिठाची परात कोपराचा धक्का लागून उलथायची. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. आमचे वडील, अण्णा, निजाम सरकारच्या कचेरीत. उर्दू फाडफाड, इंग्रजी सहीपुरतं. त्यांनी चौकशी करून बायकांचा एक दवाखाना शोधला. विलायतेहून आलेली डोळ्यांची मडम तिथे होती. आत फक्त बायकांना सोडत. पुरुषांनी व्हरांड्यात बसायचं. मडमेचं बोलणं समजावून द्यायला एक दाई असे. पण आई म्हणाली, "दाई कशाला? माझी सुमी मिशनच्या शाळेत शिकलीय. मडमेशी मडमेसारखी बोलेल."

तर चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरून आम्ही निघालो, टांग्याला पडदा लावून. पुढे टांगेवाल्याशेजारी शेरवानी घातलेले अण्णा, मागे आई, मी आणि धाकटी कुसुम. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. मडम लुगडंच तपासणार असल्यासारखं.

कुसुम अण्णांपाशी थांबली. मी आणि आई आत गेलो. मडमेनं खोलीत अंधार केला, दिवा धरून आईच्या डोळ्यांत पाहिलं, मग मिटलेल्या पापण्यांवर बोटं टेकवून हलकेच दाबून पाहिलं. मी कडं सांगितलं, परात सांगितली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण तिथे फुटला. आई माझ्याकडे बघत होती — कौतुकानं. मग मडम बोलायला लागली. सावकाश, स्पष्ट.

इथे मी नेहमी थांबते. स्वतःशीसुद्धा. इतके दिवस मी मनाला सांगत आले की तिचं इंग्रजी मला कळलं नाही. शाळेतलं इंग्रजी वेगळं, दवाखान्यातलं वेगळं. सोळा वर्षांच्या मुलीला काय कळणार? कुणालाही पटेल असं आहे ना हे?

मला शब्दन् शब्द कळला होता.

ती म्हणाली, डोळ्यांच्या आत दाब वाढलाय. गेली ती नजर परत येणार नाही. राहिली आहे ती शस्त्रक्रियेनं वाचेल, पण ती लवकर व्हायला हवी, याच महिन्यात. त्यानंतर बरेच महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. सुई ओवायला, पोथी वाचायला चष्म्याचा नंबर देते — पण चष्म्यानं हा आजार थांबणार नाही. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं.

मी अडकले होते ‘चुलीपुढे बसायचं नाही’ या शब्दांपाशी. आई नाही तर कोण? कुसुम लहान होती. मला कॉलेजात जागा मिळाली होती, आणि ती घेताना अण्णांची एक अट होती — घरात काही अडलंनडलं तर शिक्षण बंद. कॉलेजची पडद्याची गाडी आमच्या कोपऱ्यावर थांबणार होती. कुठे उभं राहायचं, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

"काय म्हणते गं?" आईनं विचारलं.

"चष्मा लागेल म्हणते."

"अगोबाई, त्याला एवढं बोलली?"

"इंग्रजीत लांबतं ते."

आई हसली. मडमेकडे बघून तिनं मान डोलावली, अगदी समजल्यासारखी. मडमेला वाटलं, बाई धीराची आहे. तिनं आईचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, कधी आणतेस? मी म्हणाले, वडिलांना विचारावं लागेल. वडील भिंतीपलीकडे बसले होते.

म्हणजे खरं सांगायला अजून वेळ होता. अण्णा बाकावरून उठले, "क्या बोले डॉक्टरनी?" म्हणाले — आनंदात किंवा काळजीत असले की ते घरीही असंच बोलत. मी त्यांच्या हातात नंबराचा कागद दिला. "चष्मा," मी म्हणाले. आणि विचारलं नसताना वर आणखी: "वर्षानं परत दाखवायला सांगितलंय."

तिथून अफझलगंजला, चष्म्याच्या दुकानात. आईला स्वतःसाठी काही निवडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुकानदार एकेक फ्रेम पुढे करत होता. "ये देखो बाईसाब, सोनेरी डंडी. बेगमां येच लेतीं."

"नक्को बाबा, इतकं झगमग!" आई अण्णांच्या आड सरली.

"घे की," अण्णा म्हणाले. "उद्यापासून कचेरीत माझ्या खुर्चीवर तूच बस."

"काहीतरीच आपलं!"

कुसुमनं रिकामी फ्रेम नाकावर चढवून आईला अण्णांसारखं उर्दू-मराठी मिसळून दरडावलं, आणि आई लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसत सुटली. शेवटी तिनं सोनेरीच घेतली. आरशात बराच वेळ पाहिलं. मग माझ्या कानाशी आली, तिथल्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि हळूच विचारलं, "हे कडं जाईल ना गं आता?"

मी म्हणाले, "जाईल."

दवाखान्यात मी अर्धं लपवलं, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे?

मी कॉलेजात जायला लागले. आई उंबऱ्याला अडखळायला लागली. सवय व्हायला वेळ लागतो, म्हणायची. मी इंग्रजी कविता पाठ करत होते आणि ती भिंतीला हात लावत माजघरातून स्वयंपाकघरात जात होती. मला दिसत होतं. माझे डोळे उत्तम आहेत.

वर्षानं अण्णा तिला घेऊन गेले, तोवर मडम विलायतेला परतली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी अण्णांना उर्दूतच सांगितलं, की फार उशीर केलात. मध्ये माझी गरज पडली नाही. अण्णा घरी येऊन शेरवानी न काढता तसेच बसून राहिले. मग म्हणाले, त्या मडमेनं घात केला. मी त्यांना पाणी नेऊन दिलं.

घरात अडलंच होतं. पण तोवर माझी परीक्षा जवळ आली होती, आणि अण्णा म्हणाले, सुमीचं आता अर्ध्यावर मोडायला नको. कुसुमची शाळा सुटली. ती चुलीपुढे बसते, आई शेजारी बसून वासावरून तिला सांगते — आता उलट, आता उतरव. कुसुमच्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. तिची इंग्रजीची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत.

आईला आता काही दिसत नाही. कुणी आलं-गेलं की ती चष्मा मागून घेते आणि लावून बसते. "माझ्या सुमीनं मडमेशी बोलून आणलाय," असं सांगते. माणसं गेली की पदरानं पुसते आणि माझ्यापुढे धरते.

"बघ गं, काच स्वच्छ आहे ना?"

मी उजेडात धरून बघते. काच स्वच्छ असते. तेवढं मी तिला खरं सांगते.