पेशींना रागावणाऱ्या मॅडम

"पुरे झालं गं वाढणं, आता जरा मोठ्या व्हा!"

दाराबाहेर हे ऐकून मला वाटलं, मॅडम फोनवर मुलींना रागावतायत. आत डोकावले तर त्या इन्क्युबेटर उघडून त्वचेच्या पेशींची समजूत घालत होत्या. तो माझा लॅबमधला पहिला दिवस. माणसाच्या कातडीवर इतकं प्रेम करणारं अख्ख्या लखनऊत दुसरं कोणी नसेल, आणि स्वतःच्या भेगाळलेल्या हातांना क्रीम लावायला विसरणारंही.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड, मूळच्या नागपूरच्या. हजरतगंजला खरेदीला गेल्या की कुर्त्याआधी दुकानदाराच्या कोपराकडे लक्ष. "भैया, ये रूखापन कब से है?" तो बिचारा घाईघाईने कापड उलगडून म्हणायचा, "मैडम, एक बार धोइए, मुलायम हो जाएगा." मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हा ताट सोडून बाल्कनीत गेल्या आणि बाबांना जनुकं समजावू लागल्या. "समोरची सगळी क्वार्टर्स बघा. वायरिंग एकच, पण कुठे स्वयंपाकघरातला दिवा चालू, कुठे देवघरातला. पेशींचं तसंच. जनुकं सगळ्यांत तीच. कुठलं चालू, कुठलं बंद, यावर त्वचा होणार की यकृत, ते ठरतं." बाबा रेल्वेतले इंजिनिअर. "मग स्विच कुणाच्या हातात?" असं ते विचारून बसले, आणि आईने भाजी पुन्हा गरम करायला नेली.

त्या स्विचचाच मॅडमना ध्यास होता. त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी विभागत राहतात. वर सरकल्या की विभागणं थांबवून चपट्या, कणखर होतात. लॅबमध्ये पेशी वाढवायच्या प्लेटमध्ये थोडं कॅल्शियम घातलं तरी हेच होतं. मॅडमचं म्हणणं, थांबण्याचा हा हुकूम एक ठरावीक जनुक देतं. ते बंद केलं तर कॅल्शियम घालूनही पेशी ऐकणार नाहीत. सहकारी हसायचे. मॅडमच्या निवृत्तीला आठवडा उरला होता आणि शेवटचा प्रयोग माझ्याकडे होता: दोन प्लेट, एकीत ते जनुक बंद, दुसरीत शाबूत, आणि दोन्हींत कॅल्शियम घालायचं. मी लखनऊतच वाढलेली; घरच्यांमुळे मराठी सगळं कळतं, पण बोलायला लाजायचे, म्हणून माझं उत्तर ठरलेलं, "जी मैम." त्यावर त्या म्हणायच्या, "तुझा आवाज कुठल्या जनुकाने बंद केलाय गं?" कॅल्शियम घालण्याआधी इन्क्युबेटरच्या दारावर टकटक करायची त्यांची रीतसुद्धा मी पाळली. अर्थात, कुणी बघत नाही ना, ते पाहून.

दोन दिवसांनी मॅडमनी जनुक बंद केलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. पेशी छोट्या-छोट्या, मजेत विभागत होत्या. "कॅल्शियम घालायचं राहिलं गं तुझं," त्या म्हणाल्या. "होतं असं." आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. त्या प्लेट घेऊन सिंककडे निघाल्या. पण शेजारची प्लेट, जनुक शाबूत असलेली, मी आधीच पाहिली होती.

आता मॅडम नागपूरला असतात. इन्क्युबेटरवर मी अजून टकटक करते. आतल्यांना रागवायला मात्र कोणी नसतं. त्या सकाळी प्लेटमधल्या पेशी मारून टाकायला ब्लीचच्या बाटलीचं झाकण त्यांनी उघडलंही होतं, आणि मी चक्क मराठीत ओरडले, "मॅडम, थांबा! कॅल्शियम घातलंय मी, दोन्ही प्लेटमध्ये. त्या दुसरीतल्या मोठ्या झाल्यात. ह्याच ऐकत नाहीयेत!"