नाथाजींची केनिया लाइन

नाथाजी कदम फौजेत सिग्नलला हवालदार होते. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या एका हायस्कुलात शिपाई झाले, तरी रुबाब काही उतरला नाही. मेहरुन मॅडमनी केनियातल्या किसुमूजवळच्या एका शाळेशी दर गुरुवारी व्हिडिओवर बोलणं सुरू केलं, तेव्हा लाइन जोडायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. पोरांना त्यांनी पहिली शिस्त लावली ती बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायची. दोन महिन्यांत तिकडची पोरंही ‘ओव्हर’ म्हणू लागली, तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला. विषय काय आहे याच्याशी मात्र हवालदारांना देणंघेणं नसे. लाइन तुटली नाही की मोहीम फत्ते.

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

त्या गुरुवारी विषय होता धूर. दोन्हीकडं उसाची गावं. ऊस तुटून गेला की रानात उरलेलं पाचट जाळावं की नाही, यावर नववीतली साक्षी इंग्रजीत धडाधड बोलत होती. आमच्या शाळेतलं कुणीच यंदा पाचट जाळणार नाही, असं तिनं ठासून सांगितलं. तशा कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या. हवालदारांचीही होती, न वाचता केलेली.

तेवढ्यात खिडकीतून काळी काजळी तरंगत आली नि तिच्या वहीवर बसली. मागोमाग धुराचा लोट. पडद्यावरच्या आचिएंग नावाच्या पोरीनं विचारलं, ‘‘तुमच्या मागं काय जळतंय? कुणाचं शेत आहे? ओव्हर.’’

साक्षी वहीवरची काजळी झटकत राहिली. ओढ्यापलीकडचं ते रान कुणाचं, हे तिला ठाऊक होतं. तिनं नाथाजींकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. सकाळी धाकट्या भावाला, धुळाला, ‘आज उरकून टाक’ असं त्यांनीच सांगितलं होतं. आता ती खोटं बोलली तर तिचं नाक कापलं जाणार, खरं बोलली तर त्यांचं.

हातातली वायर तशीच धरून ते पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आले.

‘‘रान माजं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीची चूक न्हाई. मॅडम, सांगा त्यांस्नी.’’

मॅडमनी सांगितलं. तिकडं आचिएंग हसली. तिच्या बापानंही गेल्या आठवड्यात हेच केलं होतं, फक्त तिनं वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं. हवालदारांच्या जिवात जीव आला. मग तिनं मॅडमकरवी विचारलं, अजून किती जळायचं राहिलंय?

‘‘निम्मं,’’ म्हणत नाथाजींनी भर वर्गात फोन लावला. ‘‘धुळा, खालचं रान पेटवू नगं.’’

‘‘का वं दादा? काडी हातातच हाय माज्या.’’

‘‘टाक खाली. केनियातनं लोक बघायला लागल्यात.’’