केदारी सुतार आणि रानातल्या पेट्या

कणकुंबीच्या रानात झाडांना टांगलेल्या लाकडी पेट्या पहिल्यांदा मष्णूला दिसल्या. रातांबे काढायला गेलेला तो तसाच परत आला आणि गावभर तऱ्हेतऱ्हेचं बोलणं सुरू झालं. वाघाचे फोटो काढायची यंत्रं असतील, असं कुणी म्हणालं. कुणी मधासाठी म्हणालं, पण माशी एकाही पेटीत नव्हती. रान आता माणसांना बंद करणार, त्याचीच ही खूण, असंही एकानं ठरवून टाकलं. शेवटी मष्णू केदारी सुताराकडे गेला.

"लाकडाचं काम हाय, तूच बघून सांग."

साठी गाठलेला केदारी आता गावातला एकटाच सुतार. शिडी लावून तो वर चढला, पेटीच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि तिथंच थबकला. पेटीला एकही खिळा नव्हता. फळ्यांना पाडलेले दात एकमेकांत असे बसले होते की फटीत नख शिरत नव्हतं, आणि कडेचा दात तेवढा मुद्दाम बारीक ठेवलेला. असं काम करणारा एकच माणूस त्याला माहीत होता. त्याचा धाकटा भाऊ महादेव. पण महादेवला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"काय रं, काय हाय?" मष्णूनं खालून विचारलं.

"काय न्हाय. हलकं काम हाय," असं म्हणून केदारीनं दोरी सोडली आणि पेटी काखेत मारून घरी आला.

महादेवचं काम हे केदारीचं जुनं दुखणं होतं. दोघं एकाच पडवीत शिकले. पण चांगलं लाकूड आलं की बाप म्हणायचा, "दार महादेवला करू दे, तू चौकट घे." पुढं बाप गेला, तरी लोक तेच म्हणत राहिले. देवीची नवी पालखी महादेवनं केली तेव्हा खानापूरपासून माणसं बघायला आली. तिचा नक्षीदार कठडा बघून केदारीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. महादेव वारला तेव्हा तो मनापासून रडला. पण आता तुलना संपली, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं भावाची हत्यारं मागितली. भावजय जयवंता नको म्हणाली आणि रंधे, पटाश्या घेऊन कंग्राळीला माहेरी निघून गेली.

घरी त्यानं पेटीचं झाकण उचकटलं. आतल्या फळीला रंधा लावलेला नव्हता. उलट करवतीनं आडवे चरे पाडलेले, आणि खाली तळाच्या जागी नुसती फट. केदारीला बरं वाटलं.

"बघ," तो बायकोला, गुणाबाईला म्हणाला. "वरनं झकपक आनि आत ओबडधोबड. तळ बी बसवाय आला न्हाय."

"मेलेल्या मानसाबरोबर किती दिस चढाओढ करनार तुमी?" गुणाबाई म्हणाली. केदारीनं झाकण परत दाबून बसवलं.

एक पेटी हरवली म्हणून दुसऱ्या दिवशी फॉरेस्टचा गार्ड गावात आला. त्याच्याबरोबर धारवाडहून आलेली, रानातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी सौम्या नावाची मुलगी होती. तिनं कानडी वळणाच्या मराठीत सगळ्यांना समजावलं. पेट्या पाकोळ्यांसाठी होत्या. ढोली असलेली जुनी झाडं पडत चालली, त्यामुळं या बारक्या वटवाघळांना दिवसा लपायला जागा उरली नाही. पाकोळी खालच्या फटीतून वर चढते आणि चऱ्यांत नखं रोवून लटकते. गुळगुळीत फळीवर तिला धरता येत नाही.

केदारीनं पेटी आणून तिच्यापुढं ठेवली. "कुनी केली ही?"

"कंग्राळीच्या जयवंताआक्कांनी."

"आमच्या गावची सून ती!" मष्णू अभिमानानं म्हणाला. केदारी तडक घराकडं वळला. भाऊ निदान भाऊ होता. आता बाईमाणूस?

चार दिवस तो धुसफुसला आणि मग एस.टी.नं बेळगावला उतरून कंग्राळीला गेला. जयवंता ओसरीवर फळी घासत होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. केदारीनं चहाला हात लावला नाही.

"हे कवा शिकलीस गं?"

"त्यांचा हात थरथराय लागल्यावर, अण्णा. पटाशी धरवत न्हवती. ते बसून सांगायचे, मी करायची. दार लावून. लोकास्नी कळू नये म्हनून."

"कवापासनं?"

"पालखीच्या आदीपासनं."

इतकी वर्षं केदारी भावावर जळला होता, आणि पालखीचा तो कठडा हिनं केला होता.

"आनि मला सांगितलं न्हाईस."

"तुमच्याच भ्यानं लपवलं. तुमास्नी कळलं आसतं तर ते गावभर झालं आसतं." तिनं हे सरळ सांगितलं, आणि केदारीला ते खोटं म्हणता आलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पेट्या लई पायजेत फॉरेस्टवाल्यास्नी. मला एकटीला होत न्हाय. तुमी फळ्या रंधून देता काय?"

"फळ्या रंधनार न्हाय मी. करीन तर आख्खी पेटी करीन."

"करा की," ती म्हणाली.

पावसाळाभर त्यानं पेट्या केल्या. दात पाडून बघितले, मोडले, शेवटी आपल्या पद्धतीनं खिळे मारले. दिवाळीनंतर त्या त्यानं स्वतः रानात नेऊन जयवंताच्या पेट्यांशेजारच्या झाडांना टांगल्या, आणि एकाआड एक दिवस बघायला जाऊ लागला.

एका संध्याकाळी पाकोळ्या बाहेर पडल्या. एकामागून एक, फटीतून खाली सुटून झाडांत नाहीशा झाल्या. त्या जयवंताच्या पेटीतून निघाल्या होत्या. आपल्या पेट्यांकडे तो अंधार पडेपर्यंत मान वर करून बघत राहिला. एकीतूनही काही निघालं नाही.

घरी आल्यावर त्यानं पाय धुतले आणि गुणाबाईला सांगितलं, "आल्या पाकोळ्या."

"कुनाच्या पेटीत?"

"आंधार हुता," केदारी म्हणाला. "नीट दिसलं न्हाय."