सौंसरच्या बाजारातले दोन वाचक

पांढुर्ण्यात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पुस्तकं होती, आणि तीही कसली, तर अंतराळयानं, परग्रह, बोलणारे ढग असली. सासूबाईंनी एक उघडून पाहिलं. आत रॉकेटचं चित्र. "माय वं! हे तं लेकराईचे पुस्तकं होत," असं म्हणून त्यांनी ते धाकट्या दिराच्या हातात दिलं. मी तिथल्या तिथे परत घेतलं. नव्या नवरीनं असं करू नये म्हणतात. म्हणोत.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. संत्र्याचा व्यापार, घरात माणसं भरपूर, दिवसभर राबता. पण पुस्तक वाचून संपलं की माझं काय व्हायचं ते मलाच ठाऊक. पोटात एवढी मोठी गोष्ट आणि बोलायला कोणी नाही. शेजारणींना वाचायला देऊन पाहिली. एकीनं विचारलं, "यात सासू-सून नाही का?" दुसरीनं वर्षभर ठेवून न वाचताच परत केलं, वर हळदीचा डाग. मी एवढी चिडले की तिच्याकडच्या हळदीकुंकवाला गेले नाही. कुणाचं काय बिघडलं? मीच एकटी घरी फुगून बसले.

वाट निघाली ती ह्यांच्यामुळे. हे दर आठवड्याला सौंसरच्या बाजारात जात, तिकडच्या बगिच्यांचे सौदे करायला. तिथे एका शाळेतल्या मास्तरांशी ओळख झाली, आणि मास्तर असलीच पुस्तकं वाचतात असं हे सांगत आले. मी लगेच एक पुस्तक ह्यांच्या पिशवीत टाकलं. म्हटलं, "त्यांना सांगा, हे वाचाच. सुरुवात कंटाळवाणी आहे, पण सोडू नका." पुढच्या बाजारी ते परत आलं, सोबत मास्तरांकडचं दुसरं. "मास्तर म्हणे मस्त आहे. आन् हे पाहा म्हणे, पण एका बैठकीत वाचा."

दोन वर्षं हे चाललं. पुस्तकांचं ठीक होतं, पण मतं ह्यांच्या तोंडून यायची, आणि ह्यांनी आयुष्यात पंचांग सोडून काही वाचलेलं नाही. मी पढवून पाठवायची, "सांगा, तो यंत्रवाला मेला तिथेच पुस्तक संपायला हवं होतं." येताना उत्तर, "मास्तर म्हणे, बरोबर आहे." "आणि?" "आणि काय? मंग बगिच्याचं बोलून राहिलो होतो आम्ही." डोकं भिंतीवर आपटावंसं वाटे.

एकदा समुद्राच्या तळाशी वसलेल्या गावाचं पुस्तक आलं. त्या गावानं पिढ्यान्पिढ्या सूर्य पाहिलेला नाही. एक बाई जिवावर उदार होऊन वर येते, पोटभर ऊन खाते, आणि शेवटी पुन्हा खाली जाते. मी पुस्तक मिटलं आणि रडले, रागानं. गेलीच कशाला परत? ह्यांच्याबरोबर विचारून पाठवलं. उत्तर आलं, "मास्तर म्हणे, बाईनं बरोबर केलं." "काहून पण?" "थे नाही सांगितलं बा."

त्या माणसाशी एकदा, फक्त एकदा, समोरासमोर बोलायचं, एवढंच मला हवं होतं. शेवटी सासूबाईंना सांगितलं की जामसावळीच्या मारुतीला नवस बोलले आहे. मारुतीराया समजून घेईल. दर्शन झालं, आणि तिथून सौंसर जवळच, म्हणून मी ह्यांना मास्तरांच्या घरी न्यायला लावलं.

आणि झालं काय? पुरुष ओसरीवर, मी स्वयंपाकघरात. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर संत्र्याचे भाव, आत मास्तरांच्या बायकोसमोर मी आलू चिरत बसलेली. माझ्याहून बरीच मोठी बाई, घामेजलेली, पोहे भिजवत होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आलूच चिरायचे होते तर घर काय वाईट होतं?

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमच्याकडचं ते समुद्राखालचं पुस्तक वाचलं मी. त्या बाईनं परत जायला नको होतं."

तिचा हात पोह्यांतच थांबला.

"काय करणार मंग थे?" ती म्हणाली. "लेकरं खाली होते ना तिचे."

मी विळी बाजूला सारली. "तुम्ही वाचता?"

"म्हणजे तुमी वाचता? मले तं वाटे, तुमचे मालक वाचतात! आमचे हे सांगत, लय वाचणारा माणूस आहे म्हणे."

म्हणजे दोन वर्षं दोन पुरुष भर बाजारात उभे राहून, दोघांनीही न वाचलेल्या पुस्तकांवर चर्चा करून राहिले होते!

अरे देवा, काय हसलो आम्ही! मग बोललो, एकमेकींचं वाक्य तोडून बोललो. ती म्हणाली, पदरात लेकरू नसलं की तो शेवट पटत नाही. मला लागलं, पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, लेकरांना वर आणायचं होतं. "श्वास कसा घेतील थे?" "आईनं घेतला तसा!" पोहे करपले. माहेर सोडल्यापासून मी कुणाशी इतकी भांडले नव्हते, आणि इतकी सुखातही नव्हते.

बशा घेऊन ती बाहेर गेली आणि हसत हसत दोघांच्या तोंडावर सगळं सांगून टाकलं. दारात उभी राहून मीही हसत होते. मास्तर कानापर्यंत लाल झाले. हे बशीत पाहत बसले. करपलेले पोहे दोघांनी मुकाट खाल्ले.

पुढच्या बाजारी मी दिलेलं पुस्तक हे जसंच्या तसं परत घेऊन आले. मास्तर भेटले नाहीत म्हणे. त्याच्या पुढच्या वेळी घाई होती म्हणे. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "दिसते थो. पण मले पाहून रस्ता बदलते. मी बी बदलतो."

मी भांडले, रुसले, नवस फेडायचाय म्हणाले. कोणी नेलं नाही. पुस्तकांतली माणसं एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊन येत, आणि मला सौंसरला न्यायला कोणीतरी लागायचं. एकटी बसमध्ये का बसली नाहीस, असं आजच्या पोरी मला विचारतात. तेव्हाच्या आमच्या घरातून एकट्यानं निघून दाखवा म्हणावं! वर्षभरात मास्तरांची बदली झाली. कुठे, ते ह्यांना ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

पुढच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा नागपूरच्या फूटपाथवर एक पुस्तक घेतलं. रात्री झाडं उठून दुसऱ्या गावाला चालत जातात अशा मुलखाचं. पानोपानी वाटत होतं, हे तिला द्यायचं. शेवट मला अगदी मनापासून पटला. ती माझ्याशी कडाडून भांडली असती.