राउटरची खंडेनवमी

मी फाटक्या तोंडाचा माणूस, आणि घरातला एकमेव शहाणाही मीच. म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी पुण्याहून गावी, पासलीला आलेली लेक म्हणाली, "अण्णा, उद्या अकराला ऑनलाइन मुलाखत हाय, मी सकाळच्या एसटीनं परत निघते," तेव्हा मीच तिला अडवलं. "कशाला? घरात नेट हाय. हितनंच दे." तीन वर्षं ती हंगामी कामावर होती. ही पक्की नोकरी होती.

सकाळी नऊला नेटची पेटी, म्हणजे राउटर, चालू केली. तिला तीन दिवे. दोन लागले, तिसरा लागेना. वायरनं लॅपटॉप जोडून तिनं बघितलं, तर पडद्यावर लिहिलेलं, मोडेम कार्ड सापडत नाही.

"सापडत न्हाई म्हंजे? पळून गेलं का काय?" मी खेकसलो.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. छपरावर अँटेना आहे, आणि तिच्यातून नेट पकडायचं काम राउटरच्या पेटीत बसवलेलं हे कार्ड करतं. तेच नाही म्हटल्यावर मुलाखत कसली! तिनं पेटी बंद-चालू केली. सिम काढून पुन्हा बसवलं. वायरी दाबल्या. झाकण उघडून कार्डही काढून परत खोचलं. तिसरा दिवा काही लागला नाही.

"एसटी गेली असंल ना हो?" तिनं विचारलं. तासापूर्वीच गेली होती.

मी कंपनीला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या, छपरावरच्या माकडांना घातल्या. आतून बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती सहज बोलली. मला मात्र झोंबलं, कारण एव्हाना मला आठवलं होतं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. कोयता, विळा, पहार, माझा टेस्टर, सगळं पाटावर. यंदा वाटलं, नेटची पेटीही घरात राबतेच की. पण पेटी म्हणजे नुसतं घर, राबतं ते कार्ड. म्हणून कार्डच बाहेर काढलं आणि ओल्या बोटानं त्याला हळद-कुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. दसऱ्याला लेक यायच्या आधी कुंकू पुसलं, कार्ड जागेवर बसवलं. पेटी चालू करून बघायची बुद्धी काही झाली नाही.

आता कुठल्या तोंडानं सांगू? मशीनला हात लावला म्हणून याच पोरीला मी लहानपणी काय काय बोललोय!

घड्याळात पावणेअकरा. "जाऊ द्या अण्णा, माझ्या नशिबातच न्हाई," म्हणून ती झाकण लावायला लागली.

"थांब," मी म्हणालो. "त्याला हळद लागलीय. म्या लावली."

तिनं कार्ड काढून खिडकीशी धरलं. पेटीत खोचायच्या सोनेरी दातांवर पिवळी हळद, दिसणार कशी? पर्समधलं सॅनिटायझर कापसावर घेऊन तिनं एकेक दात पुसला. कापूस पिवळा झाला. वाळू दिलं, बसवलं. मी हात जोडले, पण लांबूनच.

तिसरा दिवा हिरवा झाला तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

तिनं खोलीचं दार लोटून घेतलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभा. आतून कुणीतरी कोरड्या आवाजात विचारलं, उशीर का झाला? सांगेल आता बापाचं शहाणपण. सांगू दे, खरंच आहे ते.

"सॉरी सर," ती म्हणाली. "माझी चूक. आदल्या दिवशीच सगळं तपासायला हवं होतं मी."

नोकरी तिला लागली, पुढं पेढेही वाटले. पण साठ वर्षांत 'माझी चूक' हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. पोरगी ते कुठं शिकली, देव जाणे. माझ्याकडून तर नाहीच.