नातीचा आवाज गेला, असं मी माईकवर सांगितलं

चहा घ्या आधी. माझं बोलणं हळू, त्यामुळे गोष्ट संपेपर्यंत चहा निवतो, असं माझी बायको मंदा म्हणते. पण ही फजिती मीच सांगितलेली बरी. दुसऱ्यांनी सांगितली तर मी त्यात जास्तच येडा दिसतो!

तुम्हाला माझी नात रेवा माहीत असेल. आता तिला पुष्कळ लोक ओळखतात. पण मी तिचं गाणं ऐकतोय ती सात वर्षांची असल्यापासून, म्हणजे इथं भिलाईत सेक्टर सहामध्ये मास्तरांकडे गाणं शिकायला मी तिला स्कूटरवर घेऊन जायचो तेव्हापासून. पहिलं वर्षभर मास्तरांनी तिला नुसता सा लावायला सांगितला. मी बाहेर पायरीवर बसून ऐकायचो. मला वाटायचं, पोरगी एकाच ठिकाणी अडकली की काय! पण सांगणार कोणाला? मी पोलाद कारखान्यातल्या रोलिंग मिलमधला खलाशी, म्हणजे मदतनीस. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सा झाल्यावर रे येतो, हेसुद्धा मला त्या पायरीवरच कळलं.

मग परीक्षा झाल्या, मग ती पुढचं शिकायला मुंबईला गेली. तिथं बैठकीत गायची. वीस माणसं समोर, त्यातली निम्मी तबलेवाल्याच्या घरची. मग कोणी गिटारवाला भेटला, कोणी ड्रमवाला भेटला. मास्तरांकडचा राग तसाच ठेवून तिनं त्यावर नवं हिंदी गाणं बांधलं, आणि ते गाणं असं पसरलं की आमच्या हुडको कॉलनीतला भाजीवालासुद्धा गुणगुणायला लागला. मास्तर रुसतील अशी मला भीती होती. ते म्हणाले, "सूर सच्चा आहे. कपडे नवे घातले, एवढंच."

पण आठवड्यात पाच-पाच गावं करून तिचा गळा सुजला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने मौन. एक शब्द बोलायचा नाही. ते दोन महिने ती आमच्याकडे राहिली. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या मागं लिहून ती आमच्याशी बोलायची. आता माझं वाचन तुम्हाला सांगितलंच! 'भाजीत मीठ कमी आहे' हे मी अक्षरं लावून लावून वाचेपर्यंत तिचं जेवण होऊन ताट धुऊन व्हायचं.

हसायची, पण आवाज न करता. ते बघवत नव्हतं हो. घरात पोरगी आहे आणि घर मुकं. पुन्हा गाता येईल की नाही, हे तिनं कधी लिहून विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही.

गळा बरा झाला. शेवटच्या तपासणीला मी तिच्यासोबत होतो. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "गाताना आवाज अडकला तर लगेच थांबायचं. ओढून गायलीस तर कायमचा जाईल." हे वाक्य मी मनात पक्कं बसवून ठेवलं. प्लांटमध्ये आम्हाला तेच शिकवलं होतं. काही बिघडल्यासारखं वाटलं की पहिले मशीन बंद, मग विचारपूस.

आणि मौनानंतरचा तिचा पहिला कार्यक्रम ठरला तो आमच्या भिलाईतच! मैदान भरलेलं, हिवाळ्यातली संध्याकाळची उन्हं अजून झाडांवर. आम्हाला अगदी स्टेजच्या पायऱ्यांजवळ खुर्च्या दिल्या होत्या. मी आणि मंदा. मी आयुष्यात बैठका पाहिलेल्या. असा कार्यक्रम पहिल्यांदाच.

पहिली दोन गाणी झकास झाली. मी श्वास सोडला.

तिसरं तिचं ते गाजलेलं गाणं. मुखडा झाला, अंतरा सुरू झाला, आणि मधेच रेवानं तोंड मिटलं. माईक तोंडापासून दूर नेला आणि लोकांपुढे धरला. एक हात कानाशी.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण काय सांगू, सगळं मैदान ती ओळ गायला लागलं! माझे डोळे भरून आले. बैठकीत गुरूचा दम कमी पडला की मागचा शिष्य सूर उचलून धरतो, ते मी पाहिलेलं. मला वाटलं, काय माणसं आहेत आमच्या भिलाईची! पोरीचा आवाज गेलेला त्यांना कळला, आणि कोणी कोणाला न सांगता सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

पुढच्या ओळीला पुन्हा तेच. तोंड बंद, माईक लोकांकडे.

"मंदे, आवाज गेला तिचा," मी म्हणालो.

"काहीतरीच! हासून राहिली ते."

"हासंल नाही तं काय करंल? इतक्या लोकायपुढं रडंल का?"

"तुमी गुमान बसा बरं."

"डॉक्टर काय म्हणले होते? तू होती का तिथं?"

आता मी हळू माणूस. पण त्या पायऱ्या कशा चढलो, मला आठवत नाही. वर एक धिप्पाड रखवालदार होता. "दादाजी, किधर?" म्हणाला. "नातनी है मेरी," एवढंच मी म्हटलं. माझं तोंड पाहून तो बाजूला झाला.

मी गिटारवाल्याला हात वर करून दाखवला, बंद कर. पोरगा संस्कारी, पांढरे केस पाहून थांबला. तो थांबला म्हणून ड्रमवाला थांबला. एवढं मोठं मैदान, आणि एकदम शांत.

रेवानं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला!

"बोलू नोको बेटा. एक शब्दबी बोलू नोको."

आणि दुसऱ्या हातानं तिचा माईक घेतला. हिंदी माझी शिफ्टमधली, पण स्पष्ट.

"भिलाई के भाइयो और बहनो, बच्ची का आवाज चला गया है। आप लोगों ने बहुत संभाला, धन्यवाद। अब शांति से घर जाइए। धक्का-मुक्की नहीं। पहले महिलाएँ और बच्चे, फिर पीछे की लाइन।"

दुसऱ्या गावात लोकांनी आरडाओरडा केला असता. पण ही भिलाई! अर्ध्या मैदानाची हयात कारखान्याच्या सायरनवर उठण्या-बसण्यात गेलेली. लोक उठले की हो! महिला आधी निघाल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा हात दाखवून लाइन लावायला लागला. कोणीतरी स्कूटरची किल्लीसुद्धा काढली.

रेवा माझा हात ओढून ओढून शेवटी सुटली.

"आबाजी! माझा आवाज ठीक आहे!"

माईक माझ्या हातात, आमच्या दोघांच्या मधे. सगळं मैदान ऐकतंय.

"मंग तू गाऊन कावून नाही राहिली?"

"अहो, लोक गाऊन राहिले नं! ऐसाच होता है आबाजी, पब्लिक को गाने देते हैं!"

"तिकीट काढून आले लोक, आन् त्यायनंच गायचं?"

हसू असं उसळलं की ड्रमवाल्याच्या हातातली काडी पडली. पण रेवा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. कॅलेंडरच्या पानावर लिहून झालं की मला वाचायला वेळ लागायचा, तेव्हा ती जशी थांबून बघायची, तसं.

"तुमाले खरंच वाटलं, गेला?" तिनं हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

तिनं माझ्या हातातून माईक घेतला आणि तो खाली स्टेजवर ठेवून दिला. वाजवणाऱ्यांना थांबायला सांगितलं. आणि माझ्यासमोर उभी राहून सा लावला. नुसता सा. मग एकेक पायरी वर. माईक नाही, गिटार नाही. वरचा सा लावला आणि तिथंच धरून ठेवला. किती वेळ? मला विचारू नका. माझा दम संपला, तिचा नाही. लाइनीतले लोक जिथल्या तिथं उभे. मागचे म्हणतात, आम्हालाही ऐकू आला.

"झाली तपासणी?" ती म्हणाली. माईक उचलून तिनं माझ्यापुढे धरला. "आता तुमीच उठवलं, तुमीच बसवा."

खरंच, लोक अजून उभेच होते! सूचना मिळाल्याशिवाय भिलाईकर जागा सोडत नाही आणि घेतही नाही.

मी तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा! गळा असा दाटून आला होता की 'बैठ' मधला 'बै'सुद्धा निघेना. सगळ्या मैदानात आवाज गेलेला माणूस एकच, आणि तो स्टेजच्या मधोमध माईकसमोर उभा.

शेवटी खालून मंदा उठली. तिला ना मास्तर, ना माईक, ना कधी सा लावलेला.

"बसा रे समदे खाली! या माणसाचं काई आयकू नोका!"

शेवटच्या रांगेपर्यंत सगळं मैदान बसलं.

मीसुद्धा बसलो. तिथंच, ड्रमच्या बाजूला, खाली.