हात लावायचा नाही

गाडी आडवी झाली की काकू आधी डावा तळहात उंच करीत. वाहतूक अडवणाऱ्या पोलिसासारखा नव्हे. गाणे रंगात आलेले असताना मध्येच टाळी देणाऱ्याला गप्प करावे, तसा. आणि म्हणत, "हात लावायचा नाही."

नारायण पेठेतून झेड पुलाकडे जाताना तुम्हीही त्यांना पाहिले असेल. अंगाने काटकुळ्या, हेल्मेटखालून पाठीवर आलेली पांढरी वेणी, सुती सलवार-कमीज, पायांत घोट्यापर्यंतचे बूट, आणि खाली ती काळी, अवाढव्य मोटारसायकल. तिचा आवाज कानांनी ऐकू येण्याआधी छातीत उमटे. आमच्या इमारतीतली भांडी फळीवर किणकिणली की समजावे, काकू निघाल्या.

विम्याच्या कार्यालयात त्यांनी आयुष्यभर इतरांच्या अपघातांचे दावे तपासले. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने शाल आणि नारळ दिला. त्या शाल पांघरूनच गाडीच्या दुकानात गेल्या आणि नारळ नव्या चाकापुढे फोडला.

"लोक निवृत्तीनंतर काशीला जातात," दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून म्हणाले.

"मीही जाईन की. गाडी जरा रुळू द्या."

"अहो, पण या वयात?"

"वय माझं आहे. तुम्हाला कशाला जड होतंय?"

गाडी मात्र खरोखरच जड होती. पहिल्या काही महिन्यांत ती फाटकाच्या उतारावर, भाजीवाल्यासमोर, पेट्रोल पंपाच्या रांगेत अशी ठिकठिकाणी निजली. पडण्याचे त्यांना काही वाटत नसे. "दावे तपासताना एक कळलं," त्या म्हणत, "माणसं पडताना जेवढी मोडत नाहीत, तेवढी उठताना मोडतात. घाई करतात. कुणी बघतंय म्हणून."

एकदा मी विचारले, एवढे धूड तुम्ही एकट्या उचलता तरी कशा? त्यांनी मला खाली अंगणात नेले. शहाबादी फरशीवर जुनी गोधडी अंथरली आणि गाडी उजव्या कुशीवर अशी निजवली, जसे पाळण्यातून काढलेले मूल. गरम इंजिन टिकटिक करीत निवत होते. पेट्रोलचा उग्र, गोडसर वास हवेत तरंगत होता.

"आधी इंजिन बंद. मग श्वास. गाडीला नाही, आपल्याला," त्या म्हणाल्या. "उजवीकडे पडली आहे ना, मग स्टँड वरच्या अंगाला आहे. तो आत्ताच बाहेर काढून ठेवायचा. नाहीतर ही उभी राहते आणि त्याच झोकात पलीकडे जाऊन पडते. गिअर टाकायचा, म्हणजे चाक पळत नाही. हँडल वळवून खालची मूठ टाकीजवळ आणायची. आणि आता तिच्याकडे पाठ फिरवायची."

"पाठ?"

"हो. समोरून वाकून ओढलीस तर कंबर गेली. मांडीत असतं तेवढं बळ दंडात नसतं. पुरुषांना दंडाचं कौतुक, म्हणून त्यांची कंबर धरते."

त्या गुडघ्यांत वाकल्या. कंबर सीटच्या कडेला टेकवली, एक हात मुठीवर, दुसरा मागच्या दांडीवर. पाठ ताठ, नजर समोरच्या जास्वंदीवर. मग मागे मागे, इवलीइवली पावले टाकीत त्या चालू लागल्या, आणि त्यांच्या पाठीशी ते लोखंड आळस देत उठू लागले. शेवटी स्टँडचा खट्ट आवाज झाला. जास्वंदीचे पानही हलले नव्हते.

दरवर्षी दसऱ्याला त्या हेच करीत. आपण गाड्यांना झेंडूचे हार घालतो, हळदकुंकू वाहतो, पेढा ठेवतो. त्यांची पूजा एवढ्यावर संपत नसे. हार घातलेली गाडी त्या सर्वांसमक्ष गोधडीवर निजवीत आणि उठवीत. "हे माझं सीमोल्लंघन," त्या म्हणत. अंगणात बघ्यांचे कडे तयार होई. त्या कड्याच्या आत कुणी यायचे नाही, असा नियम होता.

नियम मोडला तो भर रस्त्यात. पुलापलीकडच्या चौकात एक रिक्षा त्यांच्या पुढ्यात वळली, त्यांचा पाय खडीवर घसरला आणि गाडी उजवीकडे कलंडली. त्या सहज बाजूला झाल्या. ओरखडाही नाही. इंजिन बंद करून त्या वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि स्टँड काढायला वाकल्या. तेवढ्यात आपले पुणेकर धावले. एरवी पत्ता सांगतानाही उपकार करणारे आपण, पडलेली गाडी दिसली की आपल्यात कोण संचारते! चारपाच जणांनी "उचल, उचल" करीत गाडी उभी केली. "थांबा, स्टँड!" असे त्या ओरडल्या, पण उत्साहाला कान नसतात. गाडी उभी झाली, क्षणभर झुलली आणि त्याच झोकात पलीकडे, त्यांच्या पावलावर कोसळली.

हाड मोडले. मुलगा वारज्याहून धावत आला. चांगला मुलगा, आईच्या काळजीने कायम कपाळाला आठी असलेला. प्लास्टरातला पाय पाहून त्याचे डोळे भरले.

"आई, आता पुरे. गाडीनं पाडलंच ना शेवटी? विकून टाकू."

"गाडीनं नाही पाडलं. मदतीनं पाडलं," त्या म्हणाल्या. "मदत विकता येत असेल तर बघ."

"मला झोप लागत नाही गं."

त्यांनी अंगठ्याने त्याच्या कपाळावरची आठी पुसून पाहिली. मग म्हणाल्या, "दसऱ्याला ये. माझी मी उचलली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही उचलता आली तर किल्ली तुझी."

त्या दसऱ्याला अंगणात झेंडूचा वास इतका दाट होता की जिभेवर चव यावी. मुलगा आणि सून कड्यात अगदी पुढे उभी होती. प्लास्टर निघाले होते, पण बुटातले ते पाऊल अजून चोरून पडत होते. त्यांनी गाडी निजवली, स्टँड काढला, गिअर टाकला, पाठ फिरवली. लोखंड उठू लागले. अर्ध्यावर आले आणि थांबले. घोटा थरथरताना दिसला. मानेवरची शीर वर आली. मुलगा पुढे सरकला.

डावा हात मुठीत गुंतलेला होता, त्यामुळे तळहात उंच झाला नाही. पण शब्द आले. दातांमधून, एकेक.

"हात. लावायचा. नाही."

आणि मग त्यांनी जे केले, ते मी विसरणार नाही. त्यांनी गाडी सोडली नाही. तसूतसूने ती पुन्हा खाली नेऊन गोधडीवर टेकवली. हारातले एक फूलही चुरगळले नाही. काका पुटपुटले, "झालं, किल्ली गेली." त्या सीटच्या कडेला टेकून नुसत्या श्वास घेत राहिल्या, जणू अंगणात त्यांच्याखेरीज कुणी नव्हतेच. मग दुखऱ्या पायावरचा भार काढून धडधाकट पाय गाडीच्या जास्त जवळ घेतला आणि पुन्हा वाकल्या.

खट्ट.

सूनबाईने रडत टाळ्या वाजवल्या. मुलगा हसत होता की रडत होता, सांगता येणार नाही; किल्लीचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही. काकूंनी आपट्याचे पान आधी काकांच्या हातावर ठेवले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि जरा लांब राहा."

त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांनी गाडी चालवली. गेल्या माघात त्या गेल्या. साध्या तापाने, स्वतःच्या अंथरुणात. गाडीवरून पडून गेल्या असत्या तर अनेकांचे भाकीत खरे ठरले असते. ती संधी त्यांनी कुणालाही दिली नाही.

या दसऱ्याला मुलगा आला. गाडीवरची धूळ त्याने पुसली, हार घातला, पेढा ठेवला. आम्हाला वाटले, आता तो ती घेऊन जाईल. तो वर गेला आणि गोधडी घेऊन खाली आला.

गाडी त्याने निजवली, जरा दाणकन. स्टँड बाहेर काढला. मग सवयीने समोरून वाकला, दंड ताणून ओढू लागला. गाडी हलेना.

"अहो," कड्यातून सूनबाई हळूच म्हणाली, "पाठ फिरवा."

त्याने पाठ फिरवली. आता त्याचे तोंड आमच्याकडे होते, लाल, घामेजलेले. गाडी वीतभर उठली आणि अडली. त्याचे बूट फरशीवर करकरले. त्याने आमच्याकडे पाहिले. काका आहेत, मी आहे, आम्ही सगळे आहोत, दोन पावलांवर. इमारतीत कुठेच भांडे किणकिणत नव्हते, फक्त झेंडूचा वास होता.

आमच्यापैकी कुणीही पुढे झाले नाही.